शलोमकाका अर्ध्यापर्यंत यायचे

दर गुरुवारी चार माणसं एका पडवीत बसली, की शास्त्र किती वाचून होतं ते देवाला ठाऊक, किस्से मात्र ढिगाने साठतात. आमचे तर इतके साठलेत, की कुणाला सांगितले नाहीत तर माझं पोट फुगेल.

एकोणीसशे तीसच्या आगेमागची रत्नागिरी. आमचं चर्च लहान, मंडळी त्याहून लहान. गुरुवारच्या वाचनाला नेमाने येणारे चौघंच. नगरकडून आलेले पाळकसाहेब, दवाखान्यातला कंपाउंडर येशुदास, मुलींच्या शाळेतली मास्तरीण म्हणजे मी, आणि शलोमकाका. काका ख्रिस्ती नव्हते. ते बेने इस्राएल, म्हणजे आपले कोकणातले यहुदी, पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले.

मग ते आमच्यात कसे? पाळकसाहेबांनीच आणलं. "हा माणूस प्रभूकडे वळवायचाच," असं त्यांनी मनात घेतलं होतं. काकांना म्हणाले, "अर्धं शास्त्र तर तुमचंच आहे, या की वाचायला."

काका म्हणाले, "अर्ध्यापर्यंत येतो."

आणि खरंच तसेच आले. नवा करार, म्हणजे येशूचा भाग, उघडला, की उठून विहिरीवर पाणी प्यायला जायचे. वर्ष गेलं, काका होते तिथेच राहिले. पाळकसाहेब मात्र जुना करार वाचताना काकांसारखी डोक्यावर टोपी घालायला लागले. विचारलं तर म्हणायचे, "थंडी वाजते." रत्नागिरीत, मे महिन्यात!

*

एकदा कुठला मासा खावा नि कुठला खाऊ नये, तो भाग वाचायला आला. ज्याला खवले नाहीत तो वर्ज्य. येशुदास दोन वेळा मासळीशिवाय न जेवणारा. त्याचा चेहराच उतरला.

"म्हणजे कोळंबी नाय, कुर्ली नाय, मोरी पण नाय? काका, तुमच्या लोकांनी हे कबूल कसं केलं ओ?"

"देवाने वाळवंटात विचारलं ना, म्हणून," काका म्हणाले. "मिरकरवाड्याच्या बंदरावर विचारलं असतं, तर आमचे लोक अजून विचारच करत बसले असते."

*

काकांच्या परड्यात हापूसचं एक झाड होतं. शनिवार त्यांचा शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, त्या दिवशी खाली पडलेला आंबाही उचलायचे नाहीत. एरवी वयामुळे झाडावर चढवत नसे, म्हणून येशुदासने मोठ्या मनाने सांगितलं, की मी उतरवून देतो. पण त्याला शनिवारपर्यंत दवाखाना, सुट्टी रविवारी. आणि रविवारी काम केलेलं पाळकसाहेबांना खपायचं नाही.

काका झाडाकडे बघून म्हणाले, "दोन्ही दिवस देवाचे, आंबे वानरांचे."

*

आता माझं सांगते. ट्रेनिंगच्या परीक्षेत मी दुसऱ्यांदा नापास झाले. पाळकसाहेबांनी शास्त्रातलं धीराचं वचन काढून दिलं, येशुदासने दोन दिली. मी "हो, हो" म्हणत होते आणि आतून जळत होते. काकांनी पुस्तक ओढून घेतलं आणि एक स्तोत्र पुढे ठेवलं. त्यात भक्त देवाला चक्क विचारतो, ऊठ, झोपलास का?

"असं बोललेलं चालतं?" मी विचारलं.

"आमच्यात भांडतात देवाशी. परक्याशी कोण भांडत बसतंय, बाई?"

त्या संध्याकाळी घरी जाऊन मी देवाशी असं काही भांडले म्हणता! आयुष्यात इतकी मोकळी मी कधी झाले नव्हते. सकाळी पुन्हा अभ्यासाला बसले.

*

आणि मग पाळकसाहेबांचा मुलगा गेला. एकुलता एक, मुंबईला नोकरीला होता. तापाचं निमित्त झालं. प्रेतसुद्धा बघायला मिळालं नाही.

दुसऱ्यांच्या दुःखात वचन सांगणारा हा माणूस, त्याने तोंडच मिटलं. जेवेना, बोलेना, पुस्तकाला हात लावेना. पाळकसाहेबांच्या बाई आतल्या खोलीतून रडत म्हणाल्या, "हेही जातील हो असे." आम्हालाही तीच भीती होती.

येशुदास वचनांवर वचनं सांगायचा, लांबलचक प्रार्थना करायचा. आम्ही आमेन म्हणायचो. काका म्हणायचे नाहीत, येशूच्या नावाने संपणाऱ्या आमच्या प्रार्थनेला ते कधीच म्हणत नसत. रोज यायचे, वहाणा काढून पाळकसाहेबांजवळ जमिनीवर बसायचे, आणि एक अक्षर न बोलता उठून जायचे.

येशुदास शेवटी चिडला. "काका, काहीतरी बोला की!"

"शास्त्रातल्या ईयोबाची मुलं गेली, तेव्हा त्याचे मित्र जमिनीवर गप्प बसले तोवर शहाणे होते," काका हळूच म्हणाले. "ज्याचं माणूस गेलं, तो बोलेपर्यंत आमच्यात कुणी बोलत नाही."

मग आम्हीही जमिनीवर बसलो. वचनं बंद, प्रार्थना बंद. असे बरेच दिवस गेले.

एका गुरुवारी पाळकसाहेबांनी पुस्तक ओढलं, उघडलं, मिटलं. वर आढ्याकडे बघितलं आणि केवढ्यांदा तरी ओरडले, "माझाच का रे? उभा जन्म तुझी चाकरी केली मी. माझाच का नेलास?"

येशुदास घाबरून काही बोलणार होता, मी त्याचा हात दाबला. बाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

शलोमकाका म्हणाले, "आमेन."