उठणाऱ्याला हात

भाऊसोला खेळताना बघितलं की माजं टाळकं फिरायचं. शंभर किलोचा जुना पैलवान गडी, आन बटणं दाबणार कशी, तर कपाळाला अंगारा लावल्यागत! सांगलीत माजं गेम पार्लर हाय. खोलीत घामाचा आन वडापावच्या तेलाचा वास, बटणं चिकाट, कोपऱ्यात कुणीतरी गुटखा थुकलेला. मला माज्याच धंद्याची शिसारी येती. पण त्या घाणीतबी सगळ्यात जास्त किळस यायची ती भाऊसोच्या हरण्याची.

खेळ मारामारीचा. पडद्यावर दोन गडी, ज्याची ताकद आदी संपंल त्यो हरला. भाऊसोचा गडी दाढीवाला पैलवान. कंपनीनं कायबी नाव ठिवू दे, आमी त्याला रेडा म्हणतो. रेड्याचे डाव त्याला मीच शिकवले. दोन हलक्या लाथा, लगीच गुद्दा, गुद्दा बसला की उचलून आपटायचा. हितपतूर भाऊसो वाघ. खरी गंमत फुडं हाय. आपटलेला गडी उठत आसतो तवा त्याच्या हातात काय नसतं. आपण एक पाऊल फुडं सरकायचं आन त्यो उठंल त्याच टायमाला खालनं लाथ घालायची. जरा आदी घातली तर वाया, जरा उशिरा घातली तर त्योच आपल्याला हाणतो. त्यानं लाथ अडवायची तयारी ठिवली, तर पकडून पुन्ना आपटायचा. लाथ येणार का पकड, त्याला कळूच द्यायचं न्हाई.

आन नेमकं हितंच ह्यो बाबा हात उचलायचा! समोरचा पाठीवर पडला की बटणांवरनं दोनी हात वर. तालमीतलं हाडात मुरलेलं. पाठ मातीला लागली, कुस्ती निकाली, आता बाजूला व्हायचं आन पडलेल्याला हात द्यायचा. मग समोरचा गडी आरामात उठायचा आन रेड्याला बडवून काढायचा.

“आरं, कुस्ती न्हाई ही! पडल्यावर सुटका न्हाई हितं!” मी वरडायचो.

“व्हय रं तानाजी, कळतंय मला. हात ऐकत न्हाईत,” म्हणून हसायचा. ते हसणं बघून मी तोंड फिरवायचो.

का फिरवायचो, तेबी सांगतो. लपवून काय करू? नऊ वर्सामागं जतकडच्या एका जत्रंत भाऊसोनं मला चितपट केलं. शिट्टी वाजली. त्यो उठला आन मला उठवायला हात फुडं केला. सगळं मैदान हसत व्हतं. माजं डोस्कं भडाकलं. हात धरायच्या जागी मी त्याचा पाय धरला आन गुडघा पिळला. कडाकडा आवाज आला. दुसऱ्या दिवशी त्याची गदेची कुस्ती व्हती. ती ऱ्हायली, आन मागनं कुस्तीच ऱ्हायली. पंचाला त्यो म्हणला, “पाय माजाच आडाकला.” त्यावर मला इतकी वर्सं चकार शब्द बोलला न्हवता.

म्हणून औंदा आमी पार्लरवाल्यांनी स्पर्धा ठिवली, तवा बक्षिसाला ढाल नको, गदा ठिवू, आसं मीच भांडून ठरवलं. एकदा त्याच्या खांद्यावर गदा दिसली आसती, तर माज्या उरावरचा धोंडा उतारला आसता. म्हैनाभर त्याची मनगटं बटणांवर दाबून धरली. शेवटी शेवटी जमाया लागलं.

फायनलला समोर पाचगणीचा स्ट्रॉबेरीवाला साईराज. गालात तंबाखूचा मावा, तोंडात शिव्या. एक डाव त्याचा, एक आमचा. तिसऱ्यात भाऊसोनं दोन लाथा, गुद्दा, उचलून आपट, समदं बिनचूक केलं. साईराजची ताकद केसाएवढी उरली. आता नुसती एक लाथ.

भाऊसोचे हात वर!

“हाण!” मी खुर्चीवर चढलो. “उठतोय त्यो, उठतानाच हाण! पडलेल्याची कसली दया करतोस? पडलेला माणूस लय हरामखोर आसतो!”

भाऊसोनं पडदा सोडून माज्याकडं बघितलं. डोळ्यांत राग न्हवता.

“मंजी तवा तुलाबी हाणायला पायजे व्हतं का रं?”

तवर साईराज उठला व्हता. सात-आठ फटक्यांत रेडा आडवा. भाऊसो लंगडत त्याच्याकडं गेला, हात मिळवला आन सोताच्या हातानं गदा त्याच्या खांद्यावर चढवली. मी खुर्चीवर तसाच हुबा.

आता पार्लरात गडी येत्यात. म्हणत्यात, “तानाजीदादा, उठताना मारायचं तुमच्यावाणी कुणाला जमत न्हाई, आमालाबी शिकवा.” शिकवतो. मग मोरीवर जाऊन साबणानं हात धुतो.