बोनेटवरचे निळे ठिपके

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बाबांनी गाडी चालवणं सोडलं आणि किल्ली माझ्याकडे आली. त्यांनी रिटायर व्हायच्या आधी, स्टील प्लांटमध्ये नोकरीला असतानाच घेतलेली छोटी निळी गाडी. उतई रोडवरच्या आमच्या घराला शेड नव्हतं. उन्हानं बोनेट पांढुरकं पडलं होतं, मागच्या दाराला गेट घासून टवके निघाले होते. बाबांना दवाखान्यात, आईला बाजारात नेणं, माझं शाळेत शिकवायला जाणं, सगळं त्याच गाडीनं चालायचं.

दिवाळीच्या आधी बाबाच म्हणाले, "टच-अप करून टाकू. लय खराब दिसून राहिली."

मला वाटलं, गाडी आता माझ्या हाती आहे, म्हणून ते ती नीट करून देताहेत. मी पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढून पावर हाऊस भागातल्या रंगाच्या दुकानात नेलं. दुकानदारानं झाकणाच्या आतली, ऊन न लागलेली बाजू पाहून रंग मिळवून दिला. सुट्टीभर मी अंगणात उकिडवी बसून गाडी घासत होते. बाबा खुर्चीवरून सांगायचे, "गंज पुरा काढ, नाही तं आतून फुगन." दाराला पुट्टी भरली, प्रायमर दिला, रंग लावला. दार छान झालं.

बोनेटवर एक ठिपका लावून पाहिला. नवा रंग गडद, भोवतालचा फिका.

"बाबा, इथं नको. फरक दिसते."

"लाव तू. दुरून कोणाले दिसते?"

मी लावलं. बोनेटभर ठिपके झाले.

दिवाळीला नागपूरहून भाऊ आला. जेवणं झाल्यावर बाबांनी किल्ली आणि गाडीचे कागद त्याच्या हातात ठेवले. आई पदरानं हात पुसत उभी होती. तिला सगळं ठाऊक होतं.

मी विचारलं, "आणि मी शाळेत कशी जाऊ?"

"तुले कावून पायजे गाडी?" बाबा म्हणाले. "स्कूटर घेऊन घे. उद्या लग्न झालं का तिकडचीच होशीन."

तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते. माझ्या लग्नाचा विषय घरात कुणी काढत नव्हतं, तो त्या दिवशी तेवढ्यापुरता निघाला.

भाऊ गाडीभोवती फिरून आला. "बाबा, बोनेटवर हे कायचे डाग?"

"तिनं लावले," बाबा म्हणाले. "मी नाही म्हणत होतो."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते तुळशीकडे पाहत होते. किल्ली देणं मी एक वेळ समजून घेतलं असतं. त्या एका वाक्यासाठी मी त्यांना आजवर माफ केलेलं नाही.

भावानं सहा महिन्यांतच गाडी विकली आणि मोठी घेतली. फोनवर सहज सांगून टाकलं. बाबा म्हणाले, "जुनीच झाली होती." त्याच्या नव्या गाडीचा फोटो ते शेजाऱ्यांना दाखवतात.

त्यांना दवाखान्यात अजून मीच नेते, ऑटोनं. खड्डा आला की ते कण्हतात, म्हणतात, "गाडी असती तं बरं झालं असतं." मी रस्त्याकडे पाहत राहते. एकदा ऑटोवाल्यानंच विचारलं, "घर में गाड़ी नहीं है क्या?" बाबा म्हणाले, "लड़के के पास है."