गुरुवारच्या नोंदी

सत्तरच्या दशकात मी भिवंडीत संशय घ्यायची नोकरी करत होते. नेमणुकीच्या कागदावर तिला ‘पर्यवेक्षिका’ असं म्हटलं होतं, एवढंच.

राज्यातल्या निरनिराळ्या जिल्ह्यांतून बालसेविका आमच्या संस्थेत शिकायला यायच्या. धामणकर नाक्याजवळच्या एका सभागृहात त्या महिनाभर राहायच्या, सतरंज्यांवर झोपायच्या, एकमेकींच्या भाकरीला नावं ठेवायच्या. तान्ह्या मुलाकडे कसं पाहायचं ते आम्ही त्यांना शिकवायचो. मान कधी धरतं, पालथं कधी पडतं, नजर फिरवतं का, आवाजाकडे वळतं का. ज्याचं काही मागे राहिलंय ते मूल लवकर हेरायचं, आईला समजवायचं, वेळेत दवाखान्यात धाडायचं. मग त्या आपापल्या गावी जायच्या आणि दर मुलामागे एक कार्ड भरून आमच्याकडे पाठवायच्या. ती कार्डं तपासायची मी.

मी तेव्हा तेवीस वर्षांची. लहान मुलांबद्दल मला सगळं ठाऊक होतं, कारण एकही मूल मी कधी सांभाळलं नव्हतं. सेविकांच्या पुस्तिकेतलं ऐकण्याच्या चाचणीचं पान तर मीच लिहिलेलं. ‘मुलाच्या पाठीमागे उभे राहून एकदा स्पष्ट टाळी वाजवावी. मूल वळल्यास बरोबरची खूण, न वळल्यास फुली.’ हे लिहिताना ठाण्याच्या घरी मी पलंगावर उशी उभी करून तिच्यामागे टाळी वाजवून पाहिली होती. उशी वळली नाही. तरी पान छापलं गेलं.

पहिल्या तुकडीत एक सेविका भिवंडीतलीच होती. म्हणजे राहणारी जवळच्या कोन गावची, रोज चालत यायची. चाळिशीची, उभी काठी, बोलायला फटकळ. नाक्यामागच्या यंत्रमागांच्या कारखान्यांचा भाग तिच्याकडे होता. तिथे सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायका आपली तान्ही पोरं छताच्या वाशांना झोळ्या बांधून त्यात निजवायच्या आणि दिवसभर काम करायच्या.

तिची कार्डं पाहून माझ्या नाकाला वास आला. ऐकण्याच्या रकान्यात सगळ्यांना बरोबरची खूण. सगळ्यांची तारीख गुरुवारची. वेळ? संध्याकाळी सात. अहो, सेविकांची बालवाडी दुपारी एकला सुटायची! संध्याकाळी सातला ही बाई कुणाची परीक्षा घेत होती? एकाच कार्डावर फुली होती, आणि तिथेही खाडाखोड. आधी खूण, मग ती गिरवून फुली. मी मनात म्हटलं, हं, एखादी फुली असावी म्हणून घातलेली दिसते, म्हणजे खरं वाटेल.

मंगळवारी सकाळी, तिला न कळवता, मी त्या कारखान्यात जाऊन उभी राहिले. माग चालू. जमीन थरथरतेय, तोंडातला शब्द कानापर्यंत पोचत नाही. मी एका झोळीमागे गेले आणि टाळी वाजवली. पोर ढिम्म. दुसऱ्या झोळीमागे. ढिम्म. कारखान्याचे मालक, एक म्हातारे चाचा, दारातून बघत होते.

‘‘क्या बात है बाई, मच्छर मारताय काय?’’ ते ओरडले.

मी तिसऱ्या झोळीकडे वळले. पाच पोरांमागे पाच टाळ्या वाजवल्या, पाच फुल्या वहीत घेतल्या आणि विजयी मुद्रेनं बाहेर पडले. गुन्हा सिद्ध! त्याच दुपारी आमच्या मोठ्या बाईंना, म्हणजे संस्थेच्या प्रमुखांना, अहवाल दिला. ‘नोंदी घरी बसून भरलेल्या दिसतात. नाव कमी करावे.’ खाली ठसठशीत सही.

त्या बाईला लगेच बोलावणं गेलं. ती आली, पदर खोचून उभीच राहिली. मोठ्या बाईंनी अहवाल वाचून दाखवला.

‘‘नाव कमी म्हंजे?’’

‘‘म्हणजे काम बंद,’’ मी म्हणाले.

‘‘मंग मी परत वीटभट्टीवर जायचं?’’ तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही, मोठ्या बाईंनाच विचारलं. ‘‘चार वर्सं विटा वाहिल्या मी. आता कुठं वही धरलीय. न्हाय केलं मी खोटं.’’

‘‘मी स्वतः जाऊन टाळी वाजवली,’’ मी म्हटलं. ‘‘एकही मूल वळलं नाही.’’

आता तिनं माझ्याकडे पाहिलं. ‘‘जल्ली टाळी तुमची! माग चालू असताना टाळी मनाच ऐकू येत न्हाय, पोराला कशी येल? ती पोरं त्या आवाजातच जन्मली, बाई. आवाज झाला म्हणून ती उठत न्हायत. आवाज थांबला की उठतात.’’

तिनं सांगितलं ते असं. गुरुवारी संध्याकाळी शेवटची पाळी सुटली की माग बंद व्हायचे, कारण शुक्रवारी सुट्टी. ती गुरुवारी सातच्या आधी कारखान्यात जाऊन झोळ्यांजवळ उभी राहायची. माग थांबले की पोरं दचकून जागी व्हायची, रडायची. जागं झालं त्याला खूण. जे झोपलेलंच राहिलं त्याच्याकडे लागोपाठ तीन गुरुवार जायचं, आणि माग थांबल्यावरच्या शांततेत त्याच्या मागे वाटीवर चमचा वाजवायचा. त्या एका पोराला तिनं पहिल्या गुरुवारी खूण दिली होती. आईचा धक्का लागून ते हललं होतं. तिसऱ्या गुरुवारी तिनं ती गिरवून फुली केली, आणि आईला बाळासकट मुंबईच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेली. तिकडचा कागद तिच्याकडे होता.

‘‘हे आधी का नाही सांगितलंस?’’ मी विचारलं.

‘‘तुमच्या कार्डावर जागा हाय कुठं?’’

मी मान्य करावं ना? नाही. मी म्हटलं, मुलं भुकेनं उठत असतील, पाळी सुटायच्या वेळी आया पाजायला येतात. मोठ्या बाईंनी माझ्याकडेही संशयानं पाहिलं आणि तिच्याकडेही. मग म्हणाल्या, ‘‘परवा गुरुवार आहे. सगळ्याजणी जाऊ. दिसलं तर नाव राहील. नाही दिसलं तर अहवाल मान्य.’’

त्या महिन्यात मुक्कामाला असलेल्या तीसेक सेविकांना घेऊन आम्ही निघालो. चाचा आमचा तांडा पाहून म्हणाले, ‘‘या, या. पण माग वेळेआधी बंद नाही करणार हां. कपडा काय तुमची बालवाडी विणणार?’’

मोठ्या बाईंनी आयांना सांगून ठेवलं, की माग थांबल्यावर थोडा वेळ झोळ्यांजवळ यायचं नाही. कोनची बाईही दारापाशी दूर उभी राहिली, हात पाठीमागे बांधून. मी मात्र झोळ्यांच्या अगदी शेजारी. म्हटलं, कुणी हळूच चिमटे काढायला नको. हो, माझी मजल तिथवर गेली होती!

माग चालू होते तोवर झोळ्यांत सात पोरं गाढ झोपलेली. मग एकेक करून माग थांबले. शेवटचा थांबला तेव्हा माझेच कान झोंबले. आणि एका झोळीतून हात वर आला. दुसरीतून किंकाळी. तिसरी, चौथी. बघता बघता सहा पोरांनी कारखाना डोक्यावर घेतला. सातवं शांत झोपलेलं. ते फुलीचं पोर.

विदर्भातली एक सेविका माझ्या कानाशी म्हणाली, ‘‘मॅडम, तुमच्या पुस्तिकेत तं हे नाही लिहून!’’

मोठ्या बाईंनी तिथेच मला माझा अहवाल मागे घ्यायला सांगितलं. आणि शनिवारी चाचणीचा तास कोनच्या बाईनं घ्यायचा, मी नाही. तो तास मी शेवटच्या रांगेत सतरंजीवर बसून ऐकला. तिनं सुरुवातच अशी केली, ‘‘तुमच्या गावात पोरं कुठल्या आवाजात झोपतात ते आधी बघा, मंग टाळी वाजवा.’’ मग जिला तिला आपल्या गावचं आठवायला लागलं. कुणी गिरणी म्हणालं, कुणी धबधबा. माझ्या पानावर सगळ्यांनी पेन्सिलनं लिहून घेतलं. छापलेल्या अक्षरांवर रेघा ओढून.

तास सुटल्यावर मी तिच्याकडे गेले. म्हटलं, ‘‘माझं चुकलं, ताई.’’

‘‘ते ऱ्हाऊ दे,’’ ती म्हणाली. ‘‘अहवाल मागं घेतल्याचा कागद कुठंय?’’

‘‘मोठ्या बाईंच्या फायलीत.’’

‘‘मना बघायचाय.’’

मी आणून दाखवला. तिनं शब्दाशब्दाखाली बोट ठेवून वाचला. मग म्हणाली, ‘‘ह्याची एक नक्कल लिहून द्या.’’ मी दिली. तिनं दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि ओळ ओळ ताडून पाहिली. मला वाटलं, आता तरी हसेल.

‘‘नकलेवर तुमची सही न्हाय,’’ ती म्हणाली.

मी सही केली. तिनं शाई वाळेपर्यंत फुंकर घातली, कागदाची घडी करून ब्लाऊजमध्ये ठेवली, आणि कारखान्याकडे निघून गेली.