तलावाचं पाणी काऊन सुटलं नाई

हे मी आजपर्यंत कोणालेच सांगितलं नाई. बायकोले नाई, मायले नाई. आता तुम्हाले सांगून राह्यलो — अन् सांगताना माह्याच थोबाडात एक ठेवून द्यावी वाटते.

प्रमिला आरमोरीकडची, कॉलेजात माह्या एक वर्ष मागं. बाप तलावात मासे धरणारा. ठोकळे रचून आपलं जग उभं करायचं, अशा एका गेमात आम्ही दोघांनी तिच्या गावचा तलाव बनवला — पाळ, पाण्याचं दार, खाली धानाच्या शेताच्या बांध्या. पाणी कसं वाहणार, हा कोड तिचा. दार माह्यं. दाराले हात लागला की गेम हाक मारते, अन् माह्या कोडानं त्या हाकेले ओ देऊन दार बंद असन तर उघडायचं, उघडं असन तर लावायचं — एवढंच तर काम होतं! तेवढंही मले धड जमलं नाई.

चंद्रपूरले एका हॉलात कंपनीचे लोक आमचा तलाव पाहाले आले. आम्हा दोघातून एकालेच नोकरी देणार होते. साहेबानं दाराले हात लावला — पाणी नाई. पुन्हा लावला — नाई. बांध्या कोरड्या ठणठणीत. सारे प्रमिलाकडं पाहू लागले. माह्याकडं काऊन नाई पाह्यलं कोणी? पोरीचंच चुकलं असन, नाई का! संताप येते त्यायचा. पण त्यायचा कायले? मीच म्हटलं होतं ना — "पाण्याचं काम हिचं आहे."

तिनं तिथंच कोड उघडला. ओळ न् ओळ पाहून राह्यली होती बिचारी, कपाळावर घाम. अन् मी? माह्या स्क्रीनवर उमटून राह्यलं होतं — दार उघडलं, दार बंद. एकदा हात लावला की दोन्ही ओळी, लागोपाठ. तवाच समजलं मले. खेळाचं जग दरवेळी उघडलं की माह्या कोडात ओ देणारा नवा एक जोडला जाय, जुना तसाच राहे. सकाळी एकदाच उघडलं होतं, म्हणून चाललं. हॉलमध्ये गेम चालूच ठेवून ते जग बंद केलं, पुन्हा उघडलं — अन् ओ देणारे झाले दोन. एक दार उघडे, दुसरा लगेच लावे. एक ओळ हलवली असती तर भागलं असतं. एक ओळ!

मी स्क्रीनवरची ती खिडकी बंद केली. हो — मुद्दाम. कोणाले दिसू नये म्हणून.

"माह्यंच चुकलं असन, दादा," प्रमिला म्हणाली.

"असू दे," म्हटलं मी. मोठा आला दिलदार! थुत् माह्या जिंदगानीवर.

नोकरी मले लागली. तिनं कोडचं नाव टाकलं, आता घुग्घुसले झेरॉक्सच्या दुकानात बसते. काम वाईट नाई ते. पण तिचं नव्हतं.

परवा तिच्याच दुकानात गेलो होतो. हसतहसतच विचारलं तिनं, "दादा, ते पाणी काऊन नाई सुटलं? मले अजून समजलं नाई."

तुह्यं पाणी बरोबर होतं, प्रमिला — एवढंच म्हणायचं होतं. "जुनं झालं ते," म्हटलं मी, अन् गाडीले किक मारली.