टेपच्या शेवटापर्यंत

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या लायब्ररीत दर शनिवारी एक मराठी काका जुने कॉम्प्युटर मांडून बसायचे. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. कॅसेट लावली की त्यातून प्रोग्रॅम कॉम्प्युटरवर चढायचा, आणि तेवढा वेळ कर्कश किरकिर चालायची. काका बोट वर करून सगळ्यांना गप्प बसवायचे. कुठे बिघडलंय ते त्यांना नुसतं ऐकून कळायचं. मी दिवसभर कोडच लिहितो, पण मला ती निव्वळ कटकट वाटायची.

एका कॅसेटवरचा गेम सुरू झाला तरी ते टेप चालूच ठेवायचे. एकदा मी बटण दाबायला गेलो, तर त्यांनी माझा हात धरला.

"राहू दे. आई साताऱ्याहून पत्राऐवजी कॅसेट पाठवायची. हा मी लिहिलेला पहिला गेम. सेव्ह करायला कोरी कॅसेट नव्हती, मग तिचीच घेतली. गेम भरून झाल्यावरही रेकॉर्डिंग बंद करायचं राहिलं, आणि तिचं बोलणं पुसत गेलं. म्हटलं, आई काय, पुन्हा बोलेल. पण तीच शेवटची ठरली."

मी हात मागे घेतला. किरकिर केव्हाच संपली होती. बराच वेळ नुसती खरखर ऐकू येत होती. मग एका बाईचा आवाज आला.

"बरं, टेप संपत आली. राहिलेलं पुढच्या खेपेला सांगते."