दुर्बीण एक, पेन एक

आधी मावशीचं सांगतो, मग प्रकरणाचं. कामशेतजवळच्या एका सरबताच्या कारखान्यात ती कामाला होती. तिचं नाव लिहीत नाही, कुणाचंच लिहिणार नाही. त्या शनिवारी ठाण्यात येऊन तिनं तोंड उघडलं नसतं, तर एका निरपराध म्हाताऱ्याला चोर ठरवून मी मोकळा झालो असतो. तिचं स्वतःचं त्यात काय गेलं, ते पुढे येईलच.

मी वैनगंगेकाठचा. वडील गेले तेव्हा आठवीत होतो, शाळा तिथंच सुटली. राखीव दलात शिपाई झालो, तिथून जिल्हा पोलिसात आलो आणि मावळात हवालदार म्हणून राहिलो. घरची माणसं गावाकडेच. शिक्षण कमी, त्यामुळं कागद पुढे आला की मी तो दोन-तीनदा वाचायचो. साहेब काय म्हणतील ही धास्ती नोकरीच्या शेवटच्या दिवसापर्यंत गेली नाही.

बाजारात मावशीची पिशवी चोरीला गेली होती, ती मी शोधून दिली. एवढीच आमची ओळख. तेव्हापासून ती दर शनिवारी डबा घेऊन ठाण्यात यायची. मी आमच्याकडच्या सवयीनं होकाराला "हाव" म्हटलं की बाकाला टेकून हसायची. "हाव न्हाई रं, व्हय म्हण. इतकी वर्सं मावळचा तांदूळ खातुयास, जीभ अजून तिकडंच?"

डबा चांगला असायचा. या प्रकरणाआधीची दोन वर्षं मात्र आमटीत कधी मीठ दुप्पट, कधी अजिबात नाही. वयामुळं होत असेल म्हणून मी मुकाट खात होतो. परक्या मुलखात कुणी आठवणीनं करून आणतं, त्याला नावं कशी ठेवायची?

कारखान्यात तिचं काम एकच, चाखायचं. पवनेकडच्या वाड्यांवरून बायका करवंदं, जांभळं पाट्या भरून आणायच्या. मावशी प्रत्येक पाटीतलं एक फळ जिभेवर ठेवायची आणि सांगायची, "ही आजच्या पाकाला. ही उद्या. ही परत न्ये बाई, चीक हाय अजून." तिचा शब्द बायकांना मान्य असायचा. नवरा नव्हता, लेक वलवणला दिलेली. तिचा मान आणि तिचं घर, दोन्ही त्या जिभेवर चालत होतं.

ती घटना उन्हाळ्याच्या शेवटाला घडली. गुरुवारी सकाळी मी ठाणे अंमलदार म्हणून बसलो होतो. कारखान्याचे मालक घाईघाईनं आले. "हवालदारसाहेब, फळांची गोडी बघायची दुर्बीण गेली. आंबटपणा बघायचा पेनपण गेला. सोमवारी पुण्याची मोठी पार्टी येणार आहे, त्यांच्यासमोर माल तपासायचाय."

मी स्टेशन डायरीत लिहिलं : दुर्बीण एक, पेन एक.

दुर्बिणीनं गोडी कशी बघतात हे विचारायला हवं होतं. विचारलं नाही. विचारलं तर माझं अडाणीपण दिसेल, असं वाटलं.

मालकांचा संशय मावशीवर होता. "ही मशीन आल्यापासून ती मनातून खट्टू आहे," म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, "पण खरं सांगू का? तिची जीभ आणि मशीन यांच्यात कधी फरक पडला नाही. एकदाही नाही." मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. मावशीवर संशय नको, एवढंच माझ्या मनात होतं.

म्हणून शुक्रवारी संध्याकाळी खबर आली तेव्हा मला हायसं वाटलं. खंडाळ्याच्या एका हॉटेलातला ड्रायव्हर आमचा खबऱ्या. तो म्हणाला, पॉइंटवर पर्यटकांना दुर्बिणीतून डोंगर दाखवणारे एक आबा आहेत, त्यांच्याकडे दोन दिवसांपासून नवी दुर्बीण दिसते. शनिवारी सकाळी आबांना आणलं. पावती मागितली, ती नव्हती. पुण्याच्या जुन्या बाजारातून घेतली म्हणाले.

"आबा, खरं बोला. कारखान्यात कधी गेला होता?"

"कंचा कारखाना? मी नागफणीचा डोंगर दाखवतू लोकांस्नी."

"गोडी बघायची दुर्बीण आहे ही."

आबा हसले. "साहेब, हिच्यातनं नागफणीवरचं माकाड दिसतं. गोडी कशी दिसंल? लावा डोळ्याला न् सांगा, डोंगर गोड हाय का आंबाट."

शेजारचा शिपाई फिस्सकन हसला. मला वाटलं, म्हातारा माझी टिंगल करतोय. माझा हात उठला. एकच बसली, पण आबांची टोपी खाली पडली. ती त्यांनी उचलली, झटकली आणि पुढे एक शब्द बोलले नाहीत. खरं तर त्यांनी मला अख्खं प्रकरण एका वाक्यात सोडवून दिलं होतं.

चौकशीसाठी त्यांना बाकावर बसवून ठेवलं. शनिवार, पॉइंटवर गर्दीचा दिवस.

दुपारी मावशी डबा घेऊन आली. बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसलेले आबा तिनं पाहिले. त्यांचा गाल लाल होता.

"ह्यास्नी कशापायी बसवलंय?"

"तुमच्या कारखान्यातली दुर्बीण, मावशी. सापडली." मी टेबलावरची दुर्बीण तिच्यापुढे केली. मला वाटलं, तिच्यावरचा संशय गेला म्हणून ती खूश होईल.

मावशीनं डबा टेबलावर ठेवला. त्या दुर्बिणीकडे पाहिलं. मग आबांकडे.

"मारलंस व्हय रं ह्यास्नी?"

मी दुर्बीण परत टेबलावर ठेवली.

"आरं लेकरा, ही न्हवं ती. आमी दुर्बीण म्हंतो तिला, एका डोळ्यानं बघायचं म्हून. ती एवढीशीच नळी असती." तिनं हाताची वीतसुद्धा पुरी उघडली नाही. "सोड ह्यास्नी. चल, माज्या घरी हाय ती."

आबांना लगेच जाऊ दिलं. महिला शिपाई आणि दोन पंच घेऊन मावशीच्या घरी गेलो. एकच खोली, स्वच्छ. फळीवर देवाच्या तसबिरीशेजारी ती नळी, मऊ फडक्यात गुंडाळलेली. पेन पाण्याच्या वाटीत उभा. "त्याचं टोक वाळलं तर खोटं बोलतंय ते," मावशी म्हणाली. दाराशी मातीच्या परळांत जांभळं मांडलेली, प्रत्येकात चार-चार. कडक, मऊ, लाल, काळी.

मी नळी हातात घेतली. तिनं काढून घेतली. "आदी पाणी. पाण्यावर शून्य दाखवलं तरच फुडं." काचेवर पाण्याचा थेंब टाकून झाकण लावलं आणि मला उजेडाकडे तोंड करायला लावलं. आत निळं आणि पांढरं, मध्ये रेघ, रेघ शून्यावर. मग काच पुसून जांभळाचा थेंब. रेघ वर सरकली. "रेघ जितकी वर, तितकं गोड. पेनाचं उलटं. आकडा जितका कमी, तितकं आंबाट. हे उलटं शिकायलाच मला लय दिस लागलं."

उशीखाली वही होती. पानापानावर फळांची चित्रं, शेजारी आकडे. मावशीला मराठी आकडे येत होते, यंत्रातले इंग्रजी नव्हते. म्हणून तिनं एका पानावर इंग्रजी आकड्यांचे आकार काढून प्रत्येकाखाली मराठी आकडा लिहिला होता. मीसुद्धा भरतीनंतर गाड्यांच्या नंबरप्लेटवरून इंग्रजी आकडे असेच शिकलो होतो. ते पान पाहून मला जबाब लिहायला सुचेना.

"मावशी, तुमची जीभ आणि मशीन सारखंच सांगतात म्हणे. मग हे कशाला?"

ती खाली बसली. "जीभ न्हाई ऱ्हायली. मोठ्या साथीत ताप आलता, तवा चव गेली. वासबी गेला. सगळ्यांची परत आली म्हंत्यात. माजी न्हाई आली."

साथीनंतरच्या हंगामात तिनं अंदाजानं फळं पास केली आणि कारखान्याचं सरबत आंबलं. त्यावरून मालकांनी ही यंत्रं आणली. तेव्हापासून मावशी रोज सगळ्यांच्या आधी कामावर यायची. बायका पाट्या उतरवायच्या तसा एकेक थेंब गुपचूप यंत्रात बघून ठेवायची, आणि नंतर सगळ्यांसमोर फळ जिभेवर ठेवून तोच निकाल सांगायची. म्हणून फरक पडत नव्हता. सोमवारी मात्र पाहुण्यांसमोर ताज्या पाट्या उघडायच्या होत्या, आधी मावशी चाखणार, मग यंत्र. चोरून बघायला वेळ मिळणार नव्हता. चार दिवसांत नुसत्या रंगावरून आणि बोटांच्या दाबावरून गोडी ओळखायला शिकायचं, म्हणून तिनं दोन्ही वस्तू घरी आणल्या होत्या. रविवारी परत ठेवणार होती.

तेव्हा मला आमटी आठवली. दोन वर्षं माझ्या ताटात ढळढळीत पुरावा पडत होता आणि मी तो गिळत होतो. एकदा जरी म्हणालो असतो, "मावशी, मीठ जास्त झालं," तर कदाचित तिनं मला तेव्हाच सांगितलं असतं.

मालक ठाण्यात आले. जबाब वाचला. आपली तक्रार नाही असं लिहून दिलं, साहेबांनीही प्रकरण तिथंच मिटवलं. मालक तिला म्हणाले, "मावशी, सोमवारी या. यंत्र तुम्हीच बघा."

ती गेलीही. पण बातमी वाड्यांवर तिच्या आधी पोचली होती. बायका आल्या, पाट्या उतरवल्या आणि तिला चाखायला न देता सरळ यंत्रांच्या टेबलापाशी नेल्या. कुणी वाकडं बोललं नाही. मावशीनं दुपारपर्यंत काम केलं, नळाखालच्या चौकडीत हात धुतले आणि वलवणला लेकीकडे निघून गेली. परत कामावर आली नाही.

पुढल्या रविवारी मी साध्या कपड्यात पॉइंटवर गेलो आणि आबांची माफी मागितली. त्यांनी दुर्बीण माझ्या गळ्यात अडकवली. "बघा. आता दिसती का गोडी?" मला नीट काहीच दिसलं नाही.

त्यानंतर जितकी वर्षं नोकरी झाली, तितकी वर्षं मी फिर्यादीला विचारत राहिलो, वस्तू कशी दिसते, तिनं काय करतात, हातानं दाखवा. लोक हसले तरी विचारलं. चोरी लपवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, ती कधी ना कधी चुकतात. आपल्यातलं काही कायमचं गेलंय हे लपवणारा माणूस सहसा चुकत नाही. तो रोज सगळ्यांच्या आधी कामावर येतो.

आता निवृत्त झालोय, मावळातच भाड्यानं राहतो. अधूनमधून वलवणला जातो. मावशी म्हणते, "आता निस्तं गरम न् गार कळतंय रं. बाकी समदं मातीवानी."

तिचं माझ्यावर पुष्कळ ऋण आहे. मावशी, लेक परवानगी देईल तेव्हा तुला एकदा वैनगंगेकाठी माझ्या घरी नेणार. चूल मी पेटवीन, आमटी मी करीन, मीठ मीच चाखीन. तुला गरमगरम वाढीन आणि प्रत्येक घासाला शेजारी बसून सांगीन, हा गोड आहे, हा आंबट, हा तिखट. तू हाव म्हण नाहीतर व्हय म्हण. मी खोटं सांगणार नाही.