परत द्यायच्या साखळ्या

माझ्या मुलाकडे बर्फाच्या साखळ्या चार वर्षं होत्या, पण त्या दिसतात कशा हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

गाडी बर्फात घसरू नये म्हणून टायरांवर चढवायच्या या साखळ्या नंदू अमेरिकेत दर हिवाळ्यात विकत आणायचा आणि हिवाळा सरला की खोकं न फोडता दुकानात परत द्यायचा. (तिकडे घेतात परत. आपल्याकडचा दुकानदार मागे धावला असता!) रेडमंडमधले त्याचे सगळे मराठी मित्र हेच करायचे. सगळे इंजिनियर.

मला साखळ्यांशी देणंघेणं नव्हतं. मला कमलला भेटायचं होतं. कमल माझी गावाकडची शेजारीण. दोन घरांत एकच भिंत. भिंतीवर थापा मारल्या की ती चहाला यायची. मग लेकीने तिला कायमचं अमेरिकेत नेलं आणि घर विकलं. आता तिथे राहणारी बाई सभ्य आहे. एकदा सवयीने थापा मारल्या, तर तिने प्लंबर बोलावला!

कमल डोंगरापलीकडे, याकिमा गावाला. मी नंदूकडे आल्यापासून सहा महिने तो म्हणत होता, "नेक्स्ट वीकेंडला नक्की, आई." सोमवारी माझं परतीचं विमान. तेव्हा कुठे शनिवारी सकाळी निघालो. फोनवर बोलणं व्हायचं, पण फोनवर कमल बातम्या दिल्यासारखी बोलते. मला ती समोर बसलेली हवी होती.

घाट लागला आणि पाटी दिसली. साखळ्यांशिवाय पुढे जायचं नाही. नंदूने गाडी कडेला घेतली, डिकी उघडली आणि नखाने खोक्याची चिकटपट्टी सोडवायला लागला.

"अरे, फाड की!"

"आई, बॉक्स फाटला तर परत घेणार नाहीत."

"बर्फात वापरलेल्या साखळ्या परत देणार आहेस?"

"पुसून देऊ ना," माझी सून मेधा म्हणाली.

मी खोकं ओढून फाडलं. आतून लोखंडाचा असा गुंता निघाला की सोडवता सोडवता सूचनांचा कागद वाऱ्याने उडाला.

"पुढे लावायच्या की मागे?" नंदूने विचारलं.

"मागे!" मी म्हणाले. "भार सगळा मागे आहे. मी मागे, लाडवांचा डबा मागे."

(दोन इंजिनियर चौथी पास बाईचं ऐकत होते. मलाही जरा चढलं!)

नंदू बर्फात आडवा झाला. मेधा स्टिअरिंगवर बसली.

"थोडी पुढे घे! अजून! स्टॉप! अगं स्टॉप, माझा ग्लव्ह!"

हातमोजा टायरखाली गेला, हात वाचला. शेवटी साखळ्या चढल्या. गाडी सुरू केली, तर पुढची चाकं जागच्या जागी गरगर फिरायला लागली आणि मागची पैंजण घालून गप्प बसली!

"नंदू," मेधा म्हणाली, "आपली गाडी पुढच्या चाकांवर चालते ना?"

"हो."

"मग?"

दोघांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. बर्फ छान पडत होता.

साखळ्या काढून पुढे चढवेपर्यंत पाटी बदलली. रस्ता बंद.

तेवढ्यात नंदूच्या मोबाइलवर कमल. "कुठे उलथलीस गं? तू येईनास म्हणून जावयाला म्हटलं, चल, आपणच जाऊ. डोंगराच्या या बाजूला अडकलोय. तो चाकांना साखळ्या बांधतोय. घरी परतायलासुद्धा लागतील म्हणे."

मी खाली उतरले. समोर नुसतं पांढरं. पलीकडे कुठेतरी ती, स्वेटरवर शाल घेऊन. मी रडणारी बाई नव्हे, पण तिला सांगायचं होतं की चहा आता एकटीला गोड लागत नाही. नंदू खुणा करत होता, बॅटरी संपतेय.

"बोल ना गं," कमल म्हणाली.

पण तोंडातून निघालं, "जावयाला सांग, मागे नको, पुढच्या चाकांना बांध!"

आणि फोन बंद पडला.

दुसऱ्या दिवशी कमलचा फोन आला. जावई गुणी. मावशींचा शब्द मोडायचा नाही म्हणून त्याने मागच्या साखळ्या काढून पुढे लावल्या. त्यांची गाडी मागच्या चाकांवर चालणारी! जागची हलली नाही.

एका सकाळी डोंगराच्या दोन्ही बाजूंच्या गाड्या अडवायला बर्फाची गरजच नव्हती. मी पुरेशी होते.